कापसाचा बर्फ

डिसेंबर लागला की आई दवाखान्यातून
निळ्या कागदातली कापसाची गुंडाळी आणायची,
सिस्टरांना विचारून.
आम्ही ती ओढून ओढून सायीसारखी पातळ करायचो,
गव्हाणीच्या छपरावर बर्फ म्हणून पसरायला.
बर्फ आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता.
गारेगारवाल्याच्या पेटीतला, तो वेगळा.

केकचे डबे बेकरीच्या भट्टीत जायचे,
तळाला खिळ्यानं कोरलेलं: आवळे, ब्रह्मपुरी.
साखरेऐवजी गूळ, कारण गूळ घरात होता.
तारा कामट्यांचा, पतंगाच्या कागदाचा.
वडील म्हणायचे, पाच टोकं म्हणजे पाच जखमा.
शमुवेलकाका म्हणायचे, पाच टोकं म्हणजे
सहाव्याला कागद पुरला नाही.

संडेस्कूलच्या नवमीबाईंकडे मात्र सगळ्याचा अर्थ होता.
मेणबत्ती का, संत्रं का, लाल फीत का.
वहीत डावीकडे वस्तू लिहायची, उजवीकडे अर्थ.
एकाच गाण्याची उजवी बाजू कोरी राहिली:
घंटा वाजवत बर्फावरून पळणाऱ्या गाडीचं,
जे आख्खी शाळा गायची,
ज्यात देव नाही, बाळ नाही,
नुसती धाव आणि हसू.
बाई म्हणाल्या, ते नुसतंच गाणं आहे. पुढचं घ्या.

त्या वर्षी कॅरल पार्टी टेम्पोतून निघाली,
एक पेटी, एक ढोलकी, तिघांना खोकला,
आणि फळीला बांधलेली आमची गव्हाण.
कसबा बावड्याच्या रस्त्याला, रात्री अकराच्या पुढं,
टेम्पो थांबला. समोर उसाच्या गाड्या,
एकामागं एक, सतरा की अठरा,
बैलांच्या गळ्यात घुंगरं, चाकांखाली धुकं,
वर उसावर झोपलेली माणसं.
ड्रायव्हरनं हॉर्न दिला नाही.
बसून काय करायचं, म्हणून काकांनी पेटी उघडली
आणि नेमकं तेच धरलं, कोऱ्या बाजूचं.
घुंगरं काही आमच्या तालात येईनात.
आम्हीच हळू झालो.

शेवटच्या गाडीमागं एक बाई चालत होती,
छातीशी लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी.
थांबली. "कशाचं गानं म्हनायचं ह्ये?"
आई म्हणाली, बाळ जन्मलं, त्याचं.
त्या गाण्यात बाळ नव्हतं.
आई खोटं बोलली,
किंवा तिला तिथंच, उभ्या उभ्या, ते सापडलं.
"कुनाचं लेकरू?"
एवढं मोठं उत्तर टेम्पोच्या फळीवरून देता येत नाही.
आई म्हणाली, परगावी झालं. जागाच मिळंना कुठं.
शेवटी गोठ्यात झालं.
आम्हाला वाटलं, आता ही हळहळेल,
नाटकात आम्ही हळहळायचो तशी.
ती म्हणाली, "गोठ्यात? मंग बरंय की.
जनावराची ऊब आसती.
माजं ह्ये कोपीत झालं, मागल्या मंगळवारी."

आई खाली उतरली.
लुगड्याची घडी बाजूला करून बघितलं,
तळहाताएवढं तोंड, डोक्याला फडकं नाही, कान उघडे.
मग मागं वळून तिनं गव्हाणीच्या छपरावरनं
दोन चिमटी बर्फ उपटला,
बोटांत वळला,
आणि एकेक बोळा त्या कानांत बसवला,
वॉर्डात रोज बसवायची तसा,
जराही धर्म न आणता चेहऱ्यावर.
स्वतःचा रुमाल वरून बांधला.
बाई बोलली नाही काही. गाडी पुढं गेली होती,
तिला पळावं लागलं.

आता ट्रॅक्टर असतात. स्पीकरवर गाणी लावून जातात,
घुंगरं नाहीत.
माझी ती वही आईच्या ट्रंकेत आहे,
उजवी बाजू मी भरली नाही,
भरायला घेतली की अक्षर फार वळणदार येतं.

पंचवीसला चर्चमध्ये गव्हाण मांडली,
तर बर्फाला दोन जागी टक्कल पडलेलं.
पाळकसाहेब वाकून बघत म्हणाले,
उंदीर लागले वाटतं?
आई म्हणाली, हो.